थोरलीची तीन वाक्यं

थोरलीने धाकटीला लाँड्रीत आणलं, तेव्हा आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे तिला कुणी सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. दोघी सख्ख्या जावा. धाकट्या दिराची नोकरी गेली म्हणून थोरलीनेच मालकांकडे शब्द टाकला, धाकटीला आपल्या टेबलाशेजारी उभं केलं, आणि शर्टाची आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, मग पाठ, हे सगळं हाताला धरून शिकवलं. त्याला दोन वर्षं झाली. धाकटीची इस्त्री अजूनही थोरलीच्या पासंगाला पुरत नव्हती. पण इस्त्रीचं आता कुणाला पडलं होतं? सगळं घोडं इंग्रजीवर अडलं होतं.

त्याचं असं झालं, की लाँड्रीला एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं. हॉटेलच्या तळमजल्यावर कपडे घ्यायचा काउंटर असणार, पाहुणे इंग्रजीत बोलणार, तेव्हा आपल्यातल्याच एखाद्या बाईला तिथे बसवायचं असं मालकांनी ठरवलं. बसवायचं! चौदा वर्षं थोरली वाफेच्या इस्त्रीपाशी उभी होती. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटऱ्यांचे दगड होत. काउंटरमागची ती खुर्ची तिला जागेपणीच दिसायला लागली.

मालकांच्या आई निवृत्त शिक्षिका होत्या. दोन महिने इंग्रजी शिकवून निवड करायचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं. दर मंगळवारी पाळी संपली की त्या कपडे निवडायच्या खोलीत फळा टेकवून बसत आणि बाकीचे गाठोड्यांवर. बाईंची रीत न्यारी होती. आठवड्याला एकच क्रियापद, पण जोडीदार घेऊन आलेलं: लुक आफ्टर, रन आउट, पुट ऑफ. पुढच्या मंगळवारी प्रत्येकाने त्याची तीन वाक्यं करून आणायची. अट एकच, वाक्य खरं पाहिजे, घरातलं किंवा कामावरचं. वाचून झालं की बाई उलटतपासणी घेत. "कोण? कधी? मग पुढे काय झालं?" पुस्तकातलं उचललेलं असलं की दुसऱ्याच प्रश्नाला माणूस उघडा पडे. त्यातून जे टिके, त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य आठवडाभर फळ्यावर राही.

सात आठवड्यांत पाच वेळा फळ्यावर धाकटीच होती.

"वुई रॅन आउट ऑफ स्टार्च, सो द कुक्स कोट लुक्स सॅड." या वाक्यावर अख्खी लाँड्री दोन दिवस हसत होती. घरी गेल्यावर दिराने ते जेवताना सांगितलं, आणि थोरलीचा स्वतःचा नवरा, जो तिच्या कुठल्याही विनोदाला आजवर मिशीतसुद्धा हसला नव्हता, तो ठसका लागेपर्यंत हसला. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं त्या आठवड्याचं वाक्य होतं, "वुई रॅन आउट ऑफ सोप." बाई म्हणाल्या होत्या, "बरोबर आहे." बरोबर! म्हणजे कपडा फाटलेला नाही, एवढंच.

शेवटच्या मंगळवारसाठी बाईंनी दिलं लुक अप टु. "याचा अर्थ मान वर करून बघणं नव्हे," त्यांनी बजावलं. "ज्या माणसाला आपण मनातून मोठं मानतो, ज्याच्यासारखं व्हावंसं वाटतं, त्याच्याबद्दल हे लिहायचं."

"बाई, आय लुक अप टु द रूफ, बिकॉज इट लीक्स," बॉयलरवाला म्हणाला.

"छताबद्दल आदर वाटत असेल तर खुशाल लिहा," बाई म्हणाल्या.

थोरली आठवडाभर वही उघडून बसली. एक वाक्य सुचेल तर शपथ! मोठं मानायचं, पण कुणाला? सासूबाई धाकटीचं कौतुक शेजारणीला सांगत फिरतात. नवरा ठसके लावून हसतो. मालकांना चौदा वर्षं दिसत नाहीत. ज्याला म्हणून डोळ्यांपुढे आणावं, त्याच्यात तिला खोट दिसायची. हेवा असाच असतो, एकदा घरात शिरला की बाकी कुणाला पाय टेकायला जागा ठेवत नाही.

मंगळवारी दुपारी धाकटी गाठोडी व्हॅनमध्ये चढवायला गेली. दोघींच्या पिशव्या एकाच कपाटात असत. थोरलीने कपाट उघडलं, धाकटीची वही काढली आणि टेबलाच्या आडोशाला भराभर उतरवून घ्यायला लागली.

पहिलं वाक्य व्हॅनच्या ड्रायव्हरबद्दल होतं, तो कधी गाठोडं हरवत नाही म्हणून. दुसरं धाकटीच्या मुलीबद्दल, तिला वरच्या मजल्यावरची मुलगी ग्रेट वाटते, कारण ती सायकल चालवते. थोरलीने मुलीच्या जागी आपला मुलगा केला. चोरी करायची तर निदान अक्कल तरी वापरावी! तिसरं वाक्य लांबलचक होतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मग तिने अर्थ लावायच्या भानगडीत न पडता, कपड्यांच्या बिल्ल्यांवरचे नंबर उतरवतो तशी अक्षरं उतरवली आणि वही जागच्या जागी ठेवली.

बाईंनी सुरुवात तिच्यापासूनच केली. पहिलं वाक्य झालं. ड्रायव्हरला गेली चौदा वर्षं थोरलीही ओळखत होती, त्यामुळे उत्तरं फटाफट आली. दुसऱ्याला सगळे हसले. "वा!" बाई म्हणाल्या, आणि थोरलीला वाटलं, खुर्ची आता चार पावलांवर आली. धाकटीकडे तिने पाहिलं नाही. तिसरं वाक्य ती ठणकावून वाचू लागली.

"आय लुक अप टु माय एल्डर सिस्टर-इन-लॉ. शी टॉट मी टु आयर्न द कॉलर फर्स्ट. व्हेन आय बर्न्ट द डॉक्टर्स शर्ट..."

इथे तिचा आवाज खाली आला. डॉक्टरांचा शर्ट जळला तो दिवस तिला आठवला. धाकटीचा पहिलाच आठवडा होता.

"...शी टोल्ड द बॉस शी डिड इट."

कॉलर कुणी कुणाला शिकवली, हे इथे गाठोड्यांनासुद्धा माहीत होतं.

"ही सिस्टर-इन-लॉ कोण?" बाईंनी विचारलं.

उत्तर आलं ते शेजारून. "त्यांच्या माहेरची वहिनी आहे, बाई," धाकटी म्हणाली. "तीही आधी लाँड्रीतच होती."

"अस्सं. मग आता तू वाच."

धाकटीने मांडीवरची वही मिटली. "या खेपेला मला जमलं नाही, बाई. घरी वेळच झाला नाही."

बाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि चष्मा काढला. "मग काउंटरचा प्रश्नच मिटला की," त्या म्हणाल्या.

थोरलीने फक्त गप्प बसायचं होतं. पोटऱ्या ठणकत होत्या, खुर्ची मिळाली होती. पण आत काहीतरी भडकलं. तिला पश्चात्ताप झाला असं म्हणायला गोड वाटेल, पण तसं नव्हतं. तिला राग आला. वाक्यांत पहिली, हसवण्यात पहिली, आणि आता चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर? वर जन्मभर हिचे उपकार डोक्यावर घेऊन त्या खुर्चीत बसायचं? थोरली तट्कन उठली.

"खोटं बोलतेय ती. माझी कुणी वहिनी नाही. तिन्ही वाक्यं तिची आहेत. दुपारी तिच्या वहीतून चोरली मी."

बाई रागावतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी चष्मा परत चढवला. "म्हणजे तुझं स्वतःचं एकही वाक्य झालं नाही. एक कर, आत्ता. खरं पाहिजे."

थोरली एकेक शब्द चावत म्हणाली, "आय लुक अप टु माय यंगर सिस्टर-इन-लॉ. अँड आय डोन्ट लाइक इट."

बॉयलरवाला फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"त्या स्टार्चपासून," थोरली म्हणाली आणि खाली बसली.

काउंटर धाकटीला मिळाला. बाईंनी ते तिथेच सांगितलं आणि थोरलीकडे पाहून म्हणाल्या, "तुझं आजचं वाक्य मात्र फळ्यावर जाईल." पहिल्यांदाच जात होतं, तेही असलं.

सगळे पांगल्यावर दोघी पिशव्या घ्यायला कपाटापाशी आल्या. धाकटीचे डोळे लाल झाले होते. थोरलीला वाटलं, आता ही गळ्यात पडेल. पण ती पिशवीचे बंद नीट करत राहिली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुमचं ते ‘डोन्ट लाइक इट’ मला केव्हाचं माहीत होतं. त्याच्या आधीचं तेवढं आज कळलं."

इतकं नेमकं वाक्य आपल्याला का सुचलं नाही, म्हणून थोरलीचा पुन्हा जळफळाट झाला.