धबधब्यासमोर दिलेला होकार

बाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी होतं. त्याआधी एकदा धबधबा पाहायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. पाहायचा म्हणजे नुसतं समोर बसायचं, आणि कुणी काही बोलायचं नाही. बँकेच्या काउंटरमागे जन्मभर लोकांची गाऱ्हाणी ऐकलेल्या बाईचं हे मागणं काही फार नव्हतं. पण सोबत नवरा होता, आणि नवरा भूगोलाचा निवृत्त मास्तर होता.

राष्ट्रीय उद्यानातली ती पायवाट तशी सोपी. पण उद्यानवाल्यांनी वळणावळणावर माहितीचे फलक ठोकून ठेवले होते, आणि मास्तरांनी एकही फलक उपाशी ठेवला नाही. आधी मोठ्याने वाचायचा, मग त्यातली चूक काढायची, मग बरोबर काय ते सांगायचं. शेवाळाच्या फलकापाशी एक अनोळखी जोडपं उगाच थांबलं, त्यांनाही धडा मिळाला. ते बिचारे पळत सुटले. बाईंना पळता येत नव्हतं.

दोन फलकांच्या मधल्या सुट्टीत वन्संचा विषय निघे. ऑपरेशननंतर त्यांनी महिनाभर येऊन राहावं, असा मास्तरांचा हट्ट. वन्सं मायाळू; पण तोंडाचा पट्टा भावापेक्षा लांब. त्या तर केव्हाच्या गुडघ्याला बाशिंग बांधून बसल्या होत्या, आणि गुडघा बाईंचा. बाईंनी गाडीत नाही म्हटलं, तिकीट खिडकीशी नाही म्हटलं, लाकडी पुलावर कठडा धरूनही नाही म्हटलं.

"अगं, पण तुला पाणी कोण देईल?"

"तहान लागली की उठेन मी."

"उठायला गुडघा नको?"

शेवटचं वळण संपलं आणि धबधबा समोर आला. केवढा तो आवाज! बाई ओल्या बाकावर टेकल्या. शेजारी मास्तरांचे ओठ हलत होते, हात हवेत नकाशे काढत होते, आणि ऐकू काही म्हणता काही येत नव्हतं. संसारात प्रथमच नवरा बोलताना इतका देखणा दिसत होता. बाईंना भरून आलं. त्यांनी मान डोलावली. मास्तर चमकले, पुन्हा काहीतरी बोलले. बाईंनी पुन्हा डोलावली, हसूनसुद्धा.

मग रखवालदाराने शिट्टी फुंकली. फाटक बंद व्हायची वेळ झाली होती.

बाई लंगडत गाडीपाशी पोचल्या तेव्हा मास्तर फोनवर होते. "ये तू. अगं, आपणहून हो म्हणाली. दोनदा. आणि हसत." फोन खिशात टाकून त्यांनी समाधानाने सांगितलं, "महिना कशाला, दोन महिने राहते म्हणाली."

बाईंनी मागे वळून पाहिलं. रखवालदार फाटकाला कुलूप लावत होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "उद्या किती वाजता उघडतं हे?"

मास्तरांना प्रश्न आवडला. त्यांनी चष्मा पुसला आणि फाटकावरचा फलक पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.