फुंकर

धाकटीने आज स्वतःची वेणी स्वतः घातली आणि शिवणकाम करणाऱ्या तिच्या आईला हात कुठे ठेवावेत ते कळेना. नवरा म्हणाला, "जा की मैत्रिणीकडे. किती वर्षं 'पोरं मोठी होऊ देत' म्हणतेस! मी आहे ना घरी."

ती गेली खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. सारखी फोनकडे बघायची. मैत्रिणीने दोघींचा चहा आणला, तर हिने मैत्रिणीचाच कप उचलून फुंकर घातली.

"अगं बाई, मी काय तुझी लेक आहे?" मैत्रीण हसली, मग म्हणाली, "तू अजून घरीच आहेस. नसेल जमत, तर जा."

तिने फोन पिशवीत टाकला. "नाही जात. हवं तर भांड, पण बसू दे."

"बस. आणि तो कप दे इकडे, पार निवला."