दिराने बंद केलेला कंस

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला माहितीचा कागद असतो ना, ते कागद आमच्या ऑफिसात तयार होतात. फाइलमध्ये मजकुराच्या प्रत्येक भागाला महिरपी कंस असतात: हा मथळा, हे ठळक, ही आतली टीप, छापू नये. उघडलेला कंस बंद केला नाही, तर पुढचं सगळं त्याच्याच पोटात जातं. म्हणून मी टेक्स्ट एडिटरला एक कमांड शिकवली होती. जोडी नसलेल्या कंसापाशी ती कर्सर नेऊन थांबवायची आणि वरची पट्टी लाल करायची. पुढे माणसाने डोकं चालवायचं.

माझ्या दिराला नेमका त्याचाच कंटाळा. सासूबाईंनी गळ घातली म्हणून मी त्याला इथे चिकटवला होता. आज बघते तर पठ्ठ्याने माझी कमांडच बदललेली. आता ती परिच्छेदाच्या शेवटी स्वतःच एक बंद कंस ठोकून देते आणि पट्टी हिरवी! तापाच्या सिरपच्या फाइलमध्ये टीप बंद करायची राहिली होती. ‘दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये’ हे वाक्य त्या न छापायच्या टिपेत गडप झालं होतं आणि फाइल छापखान्यात पोचली होती. शी! उष्टी ताटं पलंगाखाली सरकवून घर आवरलं म्हणायचं, तसलं हे काम.

“भावजी, सिरपची फाइल परत मागवा.”

“वहिनी, हिरवं आहे ना? मग कशाला माझ्या पोटावर पाय देता? ते कागद वाचतं कोण!”

कोणतं वाक्य गेलं ते सांगायच्या आत तो चहाला निघून गेला. मी छापखान्यात फोन केला. ज्याने पाठवली त्यानेच थांबवायची, असा त्यांचा नियम.

संध्याकाळी घरी आले तर दिराचं तान्हं बाळ तापाने फणफणलेलं. ऑफिसात नमुन्याला आलेली सिरपची बाटली त्याने फुकटात उचलून आणली होती. जाऊ चमच्यात औषध ओतत होती आणि हा त्याच फाइलची ऑफिसात काढलेली प्रत वाचत होता.

“लहान मुलांचं काही लिहिलेलं नाही. दे बिनधास्त.”

मी जावेचा हात धरला. “थांब! दोन वर्षांखाली हे चालत नाही.”

“कुठे लिहिलंय, ताई?”

“नवऱ्याला विचार.”

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने छापखान्याला फोन लावला. मला वाटलं, चला, शुद्धीवर आला.

“सिरपची छपाई थांबवा,” तो म्हणाला. “आमच्या एडिटरमध्ये बिघाड झालाय.”

मला किळस आली. मी फोन हिसकावून घेतला.

“एडिटर ठणठणीत आहे,” मी म्हणाले. “बिघाड माझ्या दिरात आहे. छपाई मात्र थांबवा.”