झाकणावरचा अंगठा

डब्याच्या झाकणावर निळ्या रंगात अंगठा उमटला होता. रेषा एकाच बाजूला वळलेल्या, आणि त्यांना तिरकी छेदत गेलेली एक कोरी रेघ. जुन्या जखमेचा व्रण. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काचपट्ट्या पाहिलेल्या तिच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. तिच्या नवऱ्याच्या अंगठ्यावर असाच व्रण होता. तिने डबा काउंटरवर हळूच ठेवला.

“घेऊन टाका ताई, निम्म्या किमतीत जातोय,” रंगवाला म्हणाला. “लोक रंग बनवून घेतात आणि न्यायला येत नाहीत. मग तो या फळीवर म्हातारा होतो. घरीच मारणार ना? स्प्रेने मारा बरं. ब्रशने मारलात तर गाडीचं कपाट होईल.”

ती कशीबशी हसली. नमुन्यासाठी तिने पेट्रोल भरायच्या तोंडावरची पत्र्याची झडप खोलून आणली होती. तीन वर्षांपूर्वी नवरा “येतो” म्हणून पायी बाहेर पडला, तेव्हापासून गाडी फाटकाशी कव्हरखाली उभी होती. विकायचं नाव काढलं की सासूबाई जेवण टाकायच्या. काल त्या म्हणाल्या होत्या, “रंग दे हवा तर, पण तोच दे. लांबून गाडी दिसली की त्याला घर सापडेल.”

रंगवाल्याने डबा उघडून झडप शेजारी धरली. “बघा. नव्या गाडीचा नाही, उन्हाने विटलेला रंग. जसा तुमच्यासाठीच बनवलाय.”

“कधी बनवलात?”

“मागच्या बुधवारी. एक गृहस्थ अशीच झडप घेऊन आले होते. बोलले काही नाहीत फारसं. झाकण अंगठ्याने दाबलं, येतो म्हणाले आणि गेले.”

ठिपका लावून बघायला त्याने झडप उलटी केली आणि तो थांबला. आतल्या कोपऱ्यात एक ठिपका आधीच होता. तिरका उजेड पडला तरच दिसेल, इतका बेमालूम.

“हा माझाच,” तो सावकाश म्हणाला. “ताई, हीच झडप आली होती की.”

सकाळी स्क्रू किती सहज फिरले होते, ते तिला आठवलं. कव्हरवरची धूळ मात्र अखंड होती, गाठही तिनेच मारलेली. आणि गाडीपासून दारावरची घंटा चार पावलांवर; ती कुणी वाजवली नव्हती.

फोन वाजला.

“मिळाला का गं तोच रंग?” सासूबाईंनी विचारलं.

“मिळाला.”

तिने आपला अंगठा त्या ठशावर टेकवला. आठ दिवसांपूर्वीचा रंग बोटाला अजून ओला लागला. तिने तो रुमालाने पुसला, नीट, नखाच्या कडेपर्यंत.

“त्यांना घर माहीत आहे, आई,” ती म्हणाली. “मी पांढरा घेतेय. गाडी विकायची आहे.”