कोरी फिल्म

अंधाऱ्या खोलीत जाण्याआधी वीस मिनिटं लाल काचांचा चष्मा लावून बसायचं, हा आमच्या कामाचा रिवाज. डोळे अंधाराला सरावले, तरच एक्स-रेच्या पडद्यावर छाती नीट दिसे. भगवानराव दवाखान्याच्या ओट्यावर बसत, मी शेजारी. समोरून वणीच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांतला कापूस लाल, बैल लाल, मागची धूळही लाल. मला दरवेळी वाटायचं, गाव झोपलंय आणि आपण त्याच्या स्वप्नात बसलोय.

काम मला भगवानरावांनीच शिकवलं. पहिला धडा असा, की कोरी फिल्म किरणांपासून जिवापाड जपायची. त्यासाठी शिशाचा पत्रा मढवलेली पेटी होती. तिचं झाकण उघडं राहिलं की ते माझ्यावर खेकसत. स्वतःचे हात मात्र त्यांनी कधी जपले नाहीत. राजूरच्या खाणीतला मजूर पडद्यामागे हलला, की हे उघड्या हातानं त्याचा खांदा धरून उभे राहत. बोटांची कातडी तडकली होती, नखं काळी पडली होती.

चौसष्ट साली मला मुंबईला पाठवलं, किरणांपासून बचाव कसा करायचा ते शिकायला. किरणांत कमी वेळ थांबा, लांब उभे राहा, मध्ये शिसं ठेवा, वहीभर हेच. येताना आम्हा दोघांसाठी छातीवर लावायचे बिल्ले मिळाले. आत फिल्मचा तुकडा. तो दर महिन्याला टपालानं मुंबईला जायचा आणि अंगावर किती किरणं पडली, त्याचा आकडा यायचा.

माझा आकडा थोडाफार येई. भगवानरावांचा तीन महिने शून्य. मी इतका खूश झालो, की त्यांच्या बोटांकडे बघायचंच विसरलो. त्याचा मला आजही स्वतःवर राग येतो.

मग एका दुपारी काळ्या कागदात बंद असलेलं फिल्मचं पाकीट काढायला पेटी उघडली, तर तळाशी त्यांचा बिल्ला, मऊ फडक्यात गुंडाळलेला.

"उस्ताद, हा इथं काहून?"

"कोरी फिल्म हाय ना त्याच्यात. किरणांत नेली तं काळी पडन. सरकारची वस्तू, जशी आली तशी वापस धाडतो."

"ते काळी पडाले देल्ली हाय, उस्ताद."

 मी पुढचंही सांगून टाकलं, की आकडा मोठा आला तर ही खोली सुटेल. पंधरा वर्षं त्यांनी त्या अंधारात काढली होती. दुसरं काम त्यांना ठाऊकच नव्हतं.

"अन् नाही लावला तं?"

"शून्यच येईन."

त्यांनी खिडकीचा काळा पडदा सारला आणि उजेडात आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग बिल्ला उचलून स्वतःच छातीवर लावला.

महिन्यानं मोठा आकडा आला, सोबत त्यांना किरणांपासून दूर ठेवा अशी चिठ्ठीही. भगवानरावांना दारातल्या टेबलावर रोग्यांच्या नंबराच्या चिठ्ठ्या फाडून द्यायचं काम मिळालं, मला खोली मिळाली. त्या दिवशी अंधारात मी पोटभर रडून घेतलं.

अजूनही पडद्याची वेळ झाली की ते माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसतात, लाल चष्मा लावून. वीस मिनिटं आम्ही लाल गाव बघतो. मग मी उठतो.

"माहे डोळे तयार झाले," ते म्हणतात. "तू जाय."

मी आत जातो आणि दार लावून घेतो.