ग्रीन बेचा सभासद

मच्छिंद्र मरकडांनी एकतीस वर्षं मेलेल्या माणसांची नावं कमी केली. शेवगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात शेअर विभागात ते लेखनिक होते. सभासद वारला की त्याची बायको किंवा मुलगा शेअरचा कागद, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती घेऊन त्यांच्या टेबलापुढे येऊन बसायचा. मरकड कागद तपासायचे, मयताचं पूर्ण नाव एकदा मोठ्याने वाचायचे, मग रजिस्टरमध्ये त्या नावावर पट्टी धरून लाल शाईची एकच रेघ मारायचे. एखाद्या नव्या पोराने नाव गिरगटून टाकलं की ते चिडायचे. "नाव खोडायचं, पुसायचं न्हाई. खालचं वाचता आलं पायजे," असं ते प्रत्येकाला सांगत.

निवडणुकीच्या वर्षी कारखान्यात अनेकांना मयत सभासदांचा उमाळा यायचा. ही नावं यादीत तशीच राहू द्या, असा निरोप वरून आला तेव्हा मरकडांनी तो ऐकला नाही. त्याबद्दल त्यांनी दोन गळीत हंगाम वजनकाट्यावर काढले. मेलेला माणूस यादीत ठेवणं ही त्याची विटंबना आहे, हे त्यांचं मत तिथेही बदललं नाही.

अशा माणसाने स्वतःच्या मुलाचं नाव दीड वर्ष तसंच ठेवलं होतं.

मुलगा कल्याण. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकला, दुधाच्या धंद्यात पडला आणि फिरत फिरत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ग्रीन बे नावाच्या गावाजवळ चीजच्या कारखान्यात लागला. त्या गावाला पॅकर्स नावाचा फुटबॉलचा संघ आहे. पहिल्या हिवाळ्यात कल्याणला त्या संघाचं वेड लागलं ते कायमचं. फोनवर तो दुसरं काही बोलेना. आक्काबाई, त्याची आई, वैतागून म्हणायची, "लेकरू तिकडं कामाला गेलंय का बेंडबाजात?"

तीन वर्षांपूर्वी त्याने त्या संघाचा एक शेअर घेतला आणि कागद चौकटीत बसवून वडिलांना पाठवला. मागोमाग फोन केला. "आप्पा, या संघाला मालक न्हाई. आपल्या कारखान्यासारखे सभासद आहेत, पाच लाखांच्या वर. मी त्यातला एक."

"लाभांश?"

"न्हाई."

"दिवाळीला साखर?"

"न्हाई."

"मग विकायचा कधी?"

"विकता येत न्हाई, आप्पा. फक्त घरातल्या माणसाच्या नावावर करता येतो."

मरकडांनी थोडा वेळ विचार केला. "हा खरा सभासद," ते म्हणाले आणि चौकट बैठकीच्या खोलीत, आपल्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर टांगली. इंग्रजी अक्षरांत मधोमध कल्याणचं नाव होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उठून दाखवत.

त्यानंतरच्या दिवाळीला कल्याण घरी आला तेव्हा त्याने शंभर पानी वही आणली आणि बारा दिवसांच्या मुक्कामात वडिलांसाठी त्या संघाची मार्गदर्शिका लिहायला घेतली. आप्पांनी घरबसल्या सामना पाहावा आणि त्यांना तो कळावा, एवढाच हेतू. सुरुवात अशी होती: "आप्पा, याला फुटबॉल म्हणतात, पण पाय फारसा लावत नाहीत. त्यावरून भांडत बसू नका." पुढे खेळाचा हिशोब: चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलं की पुन्हा चार संधी. "दहा यार्ड म्हणजे आपल्या विहिरीपासून गोठ्याच्या दारापर्यंत." ग्रीन बेबद्दल लिहिलं होतं, की गाव शेवगावपेक्षा मोठं आणि नगरपेक्षा लहान, एवढ्याशा गावाचा संघ मोठमोठ्या शहरांना हरवतो. सामन्याआधी मैदानात बर्फ साचला की गावातली माणसं फावडी घेऊन काढायला जातात. कामाचा रोज मिळतो, पण रोजासाठी कुणी जात नाही. लोक डोक्यावर चीजच्या तुकड्याच्या आकाराच्या पिवळ्या टोप्या घालतात, "आईला फोटो दाखवू नका, हसेल." आणि सायकलींचा पाठ: जुलैअखेर सराव सुरू होतो तेव्हा गावातली मुलं आपापल्या सायकली घेऊन उभी राहतात. खेळाडू मुलाची सायकल मागून घेतो, तिच्यावर बसून मैदानापर्यंत जातो आणि मूल त्याचं हेल्मेट धरून शेजारून पळतं. "ज्ञानू मोठी झाली की तिची सायकल नेणार आहे," असं त्याने आपल्या मुलीबद्दल लिहिलं होतं.

सातवा पाठ निघायच्या दिवशी लिहिला. "पंचाच्या कमरेला पिवळं फडकं असतं. कुणाची चूक दिसली की तो ते मैदानात टाकतो. पण फडकं पडलं म्हणून खेळ लगेच थांबेलच असं नाही. बहुतेक वेळा चाललेला डाव पुरा होऊ देतात. मग ज्या संघावर अन्याय झाला, त्याच्या कप्तानाला विचारतात" इथे वाक्य तुटलं होतं. दारात जीप हॉर्न वाजवत होती. "राहिलेलं फोनवर सांगतो," म्हणून कल्याणने वही वडिलांच्या हातात दिली.

जानेवारीत, रात्रपाळी करून सकाळी घरी जाताना, गोठलेल्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली. सव्वीस दिवसांनी त्याची बायको रेश्मा आणि पाच वर्षांची ज्ञानू, ज्ञानेश्वरी, अस्थी घेऊन गावाला आल्या आणि महिन्याने परत गेल्या. रेश्माला तिथल्या शाळेत स्वयंपाकघराचं काम होतं, ज्ञानूची शाळा होती. मरकडांनी त्यांना राहा म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

त्या उन्हाळ्यात रेश्माने पहिल्यांदा विषय काढला. "आप्पा, शेअर ज्ञानूच्या नावावर करायचाय. ती सज्ञान होईपर्यंत मी पालक. त्यासाठी मूळ कागद तिकडच्या ऑफिसला पाठवावा लागतो. तो घेऊन ज्ञानूच्या नावाचा नवा देतात."

"जुना परत देत न्हाईत?"

"नाही."

मरकड म्हणाले, "कागदपत्रं पूर्ण करावी लागतील."

आणि त्यांनी त्रुटी काढायला सुरुवात केली. आधी मृत्यूचा दाखला मागितला. तो आल्यावर त्याचं मराठी भाषांतर. मग वारस दाखला. त्यासाठी रेश्माचा भाऊ पारनेरहून मोटारसायकलवर दोनदा तहसीलला येऊन गेला. मग आईची संमती. आक्काबाई अंगठा द्यायला एका पायावर तयार झाली, तर म्हणाले, नुसत्या अंगठ्यावर चालत नाही, साक्षीदार लागतात. ग्रीन बेच्या त्या ऑफिसने यातलं बहुतेक काहीच मागितलेलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. एका हंगामात ज्यांनी दोनशे दोनशे वारस नोंदी एका दिवसाचीही दिरंगाई न करता घातल्या होत्या, ते वर्षभर सुनेला हेलपाटे घालायला लावत होते. शेवटी मागण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते म्हणाले, "कागद सापडत न्हाई."

हे ते बोलले तेव्हा आक्काबाई दाराशी तांदूळ निवडत बसली होती. फोन बंद झाल्यावर तिने सूप खाली ठेवलं. "लोकांची मेलेली मानसं एका रेघंत मोकळी केली तुमी. आपल्याच्या पायी सुनंला खोटं बोलायला लागले व्हय?"

"तू गप बस."

"मी गपच हाय. त्यो भिताडावरचा बोलतोय."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रेश्माचा मेसेज आला. सोबत एक अर्ज होता. मूळ कागद हरवला असेल तर तसं लिहून, नोटरीपुढे सही करून द्यायचं. मग नवा कागद थेट ज्ञानूच्या नावाने निघेल. जुलैत सभासदांची वार्षिक सभा त्यांच्या मैदानातच भरते. ज्ञानूला त्या सभेला आपल्या नावाने जायचं होतं.

मरकड शेवगावला जाऊन अर्जाची छापील प्रत काढून घेऊन आले. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. सही केली की सगळ्यांचं भागत होतं. ज्ञानूला शेअर मिळत होता, चौकट भिंतीवर राहत होती, कल्याणचं नाव चौकटीत राहत होतं. तो कागद रद्द झालेला असेल, एवढंच. आणि ते इथे कुणाला कळणार नव्हतं. फोनवर 'सापडत न्हाई' म्हणणं वेगळं होतं. इथे छापलेलं होतं: मी शपथेवर सांगतो की. खाली त्यांच्या नावासाठी ठिपके होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, थोड्या वेळाने परत लावलं. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ असताना, रेश्माचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या दिवशी वाट न बघता मरकडांनीच आक्काबाईला फोन लावायला सांगितलं आणि आपल्या खुर्चीत ताठ बसले.

"रेश्मा, या अर्जावर मला सही करता येत न्हाई."

"का, आप्पा?"

"यात लिहिलंय, कागद हरवला. कागद हरवलेला न्हाई."

"माहीत आहे, आप्पा."

मरकडांनी अर्ज खाली ठेवला.

"तुमच्या डोक्यामागेच तर आहे," रेश्मा म्हणाली. "दर रविवारी दिसतो."

"आता गं बया," आक्काबाई म्हणाली. फोन तिच्या हातात हलला. तिला हसू आलं होतं आणि ते तिला आवरत नव्हतं. आवरलं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले.

मरकडांनी मागे वळून चौकटीकडे पाहिलं, जणू ती तिथे कुणी आत्ताच आणून टांगली होती. वर्षभर ते त्याच खुर्चीत बसून सुनेला त्रुटी सांगत होते.

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलणार? तुम्हाला तो उतरवायचा नाही, हे दिसत होतं. म्हणून मीच तिथे विचारून हा अर्ज मागवला. हरवला असं लिहून दिलं असतं, तर तो तुमच्याकडे राहिला असता."

"खोटं लिहून?"

"एक सही होती, आप्पा."

"माझ्यासाठी तू मला खोटं लिहायला देत हुतीस," मरकड सावकाश म्हणाले. "आणि मी तुझ्या भावाला भर उन्हात तहसीलला पळवला. चूक माझी हाय. तू आता काय बोलायचं ते बोल."

रेश्मा पडद्याजवळ सरकली. तिच्यामागे भांड्यांचा आवाज येत होता. "कल्याणनी तुमच्या वहीत फडक्याचं लिहिलंय ना? पुरं झालं होतं का ते?"

"न्हाई. कप्तानाला विचारतात, इथवर हाय."

"तुम्ही कुठे शोधलं नाही?"

"मोबाईलवर सापडलं असतं. पण त्यो सांगतो म्हनला हुता."

"ज्या संघावर अन्याय झाला, त्याच्या कप्तानाला विचारतात की शिक्षा घेता का सोडता," रेश्मा म्हणाली. "सोडता येते. पुष्कळदा सोडतात." तिने ज्ञानूला जवळ ओढलं. "आम्ही सोडली, आप्पा."

मरकडांनी मान हलवली. मग पडद्यावर ज्ञानूचं तोंड आलं, पुढचे दोन दात नसलेलं. ती आता सात वर्षांची होणार होती.

"आजोबा, मग मी मेंबर होणार?"

"सभासद. व्हय, होणार."

"आणि या वेळी माझी सायकल न्यायची आहे. आई म्हणाली नेऊ." मग तिने आवाज खाली आणला. "पण माझं नाव आलं की बाबाचं डिलीट होणार?"

आक्काबाईने फोन दुसऱ्या हातात घेतला. हा प्रश्न मरकडांच्या टेबलापुढे एकतीस वर्षांत कुणी ना कुणी, वेगळ्या शब्दांत, विचारलेला होता. त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असायचं.

"डिलीट न्हाई करत, बाळा. त्यावर एक रेघ मारतात. लाल. खालचं नाव वाचता येतं. त्याच्या खाली वारसाचं नाव येतं."

"इथे पण असंच करतात?"

मरकडांना ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं ते कधी सांगत नसत. "तिथलं मला म्हाईत न्हाई. पण माझ्याकडं करीन. आणि तुझ्या बाबाची वही हाय, त्यात या संघाचं सगळं लिहिलंय. दर रविवारी एक पाठ वाचून दाखवीन."

"मला मराठी वाचता येत नाही."

"म्हनून तर मी वाचणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून आल्यावर त्यांनी स्टुलावर चढून चौकट उतरवली. मागचे खिळे पकडीने काढले, कागद बाहेर घेतला, जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवला आणि पाकिटावर रेश्माने पाठवलेला पत्ता इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिला. हरवल्याचा अर्ज चार तुकडे करून चुलीजवळ ठेवला.

मग ते वही घेऊन ओसरीवर बसले. सातव्या पाठाच्या तुटलेल्या वाक्यापुढे त्यांनी निळ्या शाईने, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "शिक्षा घेता की सोडता. सोडता येते." खाली कंसात, "माहिती: सौ. रेश्मा" असं लिहिताना ते थांबले. 'सौ.' खोडलं. तिथेही एकच रेघ मारली.

वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी पट्टीने रकाने आखले, कारखान्याच्या रजिस्टरला असायचे तसे: अनुक्रमांक, सभासदाचं नाव, वारस, नातं, शेरा. अनुक्रमांक एक. नाव लिहिलं: कल्याण मच्छिंद्र मरकड. वारस: ज्ञानेश्वरी कल्याण मरकड. नातं: मुलगी. शेऱ्याचा रकाना त्यांनी रिकामा सोडला. लाल पेन शोधायला उठले, तर आक्काबाईने ते आधीच आणून शेजारी ठेवलं होतं. ती समोर जोत्यावर बसली, कारखान्यात टेबलापुढे वारस बसायचे तशी.

मरकडांनी नाव मोठ्याने वाचलं. आवाज पहिल्या शब्दाला नीट निघाला, दुसऱ्याला नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पूर्ण वाचलं. मग पट्टी धरली. आक्काबाईने पट्टीचं दुसरं टोक दाबून धरलं. रेघ सरळ आली.

आक्काबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कल्याण पहिलीत असताना पाटीवर रोज एकच शब्द काढून तिला दाखवायचा, तो तिला अजून ओळखू येत होता. तिने वही आपल्याकडे ओढली आणि लाल रेघेखाली बोट फिरवत पहिल्या शब्दाशी थांबली.

"ह्ये कल्याण ना?"

"व्हय."

"दिसतंय," ती म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत वही तशीच मांडीवर धरून बसली.