शनिवारचे तेल

मित्रांनो, माघातल्या पहाटे काशीजवळच्या रामनगरच्या पुलावर उभे राहिलात, तर धुक्यातून एक पिवळा आणि एक पांढरा असे दोन दिवे सावकाश पुढे येताना दिसतील. आधी दिवे, मग झेंडूचा वास, मग घरघर आणि सर्वांत शेवटी मी. मी एक जुना डिझेल पिकअप ट्रक आहे. पिवळा दिवा माझा जन्मापासूनचा, पांढरा नंतर बसवलेला. मला पाहून पुलावरची काही माणसे अजूनही कठड्याकडे सरकतात. ती का सरकतात, तेच आज सांगतो.

माझी एक खोड आधी सांगायला हवी. पेट्रोलच्या गाडीला लागते तशी ठिणगी मला लागत नाही. माझ्या पोटात हवा इतकी घट्ट दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. म्हणून एकदा सुरू झालो, की चाबी काढून घेतली तरी मी चालतच राहतो. मला थांबवायला स्टिअरिंगखालचा काळा गोळा ओढावा लागतो. त्याची तार पंपाजवळ डिझेल अडवते आणि मी गप्प होतो.

माझे मालक शिवराम काशीतल्या दूधविनायकच्या गल्लीत वाढले होते. त्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढावे लागते, तिथे माझे नाव कोण काढणार? पण रेल्वेची नोकरी संपल्यावर त्यांनी नदीपल्याड, रामनगरच्या पुढे थोडी जमीन घेतली. झेंडू लावला, ओसरीचे छोटे घर बांधले आणि मला दारात आणून उभे केले. रोज पहाटे मी फुलांची पोती घेऊन पुलावरून काशीच्या फूलमंडीत जाई. परतताना कोंडा, खत, कुणाच्या बहिणीचा सासरी निघालेला पलंग, एकदा तर पाय मोडलेली म्हैस. शेजारचा बाबूनंदन मला चालवी, शिवराम शेजारी बसत.

शनिवार माझा असे. मारुतीला तेल वाहून आले, की शिवराम बाह्या वर सारत. डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढत, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरत. शेवटी बॉनेटखालचे काळे भांडे उघडत. मित्रांनो, मी श्वास घेतो तो या भांड्यातून. बाहेरची हवा तिथल्या तेलावरून वळते, धूळ तेलाला चिकटते आणि स्वच्छ हवा तारेच्या जाळीतून इंजिनात जाते. शिवराम वाकून जुने, गाळ झालेले तेल काढून टाकत, भांडे पुसत आणि आतल्या रेषेपर्यंतच नवे इंजिन-तेल ओतत. रेषा नीट दिसावी म्हणून त्यांनी ती लाल रंगाने रंगवली होती.

ओसरीवर भाजी निवडत बसलेल्या शरदिनीबाईंना, त्यांच्या पत्नीला, यातले फारसे काही दिसत नसे. दिसे ती नवऱ्याची पाठ, आणि उंच धरलेल्या हातातून खाली येणारी तेलाची धार.

"मारुतीचं झालं, आता याचं," शिवराम म्हणत.

"त्याला तेल, याला तेल, आणि घरच्यांना सुके पोहे!" शरदिनीबाई म्हणत.

भाद्रपदात शिवराम गेले. त्यांना मणिकर्णिकेवर पोचवून घरची माणसे माझ्यातूनच परतली. बाबूनंदनने दारात मला उभे केले, चाबी काढली, काळा गोळा ओढला. आणि मी थांबलो नाही. काही क्षण, कुणीतरी खोल श्वास घ्यावा तसा, मी चालत राहिलो. मग आपोआप शांत झालो. ओसरीवर सगळे थबकले. शरदिनीबाई पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला. भाजला तरी काढला नाही.

पुढच्या शनिवारी मारुतीहून येताना त्यांनी उरलेले सरसोंचे, म्हणजे मोहरीचे, तेल पितळी लोट्यातून परत आणले. माझे बॉनेट उघडले, काळ्या भांड्याच्या झाकणाची चकती फिरवली आणि हात उंच धरून धार सोडली. नवऱ्याचा नेम मोडायचा नाही, एवढेच त्यांच्या मनात होते. मग दर शनिवारी तसेच.

थंडी वाढू लागली तसा मी बदललो. सकाळी निघताना मी नेहमीसारखा असे. पण मंडीतून परतलो, अंग तापले, की माझ्यात काहीतरी जागे होई. बाबूनंदनने पाय उचलला तरी मी वेग सोडत नसे. गोळा ओढला तरी घरघरत राहत असे, कधी थोडा वेळ, कधी बराच. माझ्या नळीतून निळसर पांढरा धूर येई, आणि त्या धुराला सरसोंच्या तेलाचा वास असे. शिवराम रोज डोक्याला तेच तेल चोपडत. घराच्या चौकटीला, उशीच्या अभ्र्याला तोच वास होता. आता तो माझ्या धुरातून येऊ लागला.

खरे सांगतो, मलाही वाटू लागले की माझ्या आत कुणीतरी आहे. स्वतःचा घसा कुणाला दिसतो? मला फक्त इतके कळे, की मी मागितलेला नाही असा घास कुणीतरी मला भरवते आहे.

एकदा धुक्यात, पुलाच्या मध्यावर, मी असाच उधळलो. बाबूनंदनने ब्रेकवर उभे राहून मला कसेबसे कठड्याजवळ आणले. पुलावरच्या माणसांनी तो धूर पाहिला, रिकाम्या शेजारच्या जागेकडे पाहिले आणि काय समजायचे ते समजून घेतले. घरी येऊन बाबूनंदनने चाबी ओसरीवर ठेवली.

"बिटिया, मालिक अबहीं गाड़ी से उतरल नाहीं हउवन," तो म्हणाला. "हमसे ना होई."

ती बिटिया म्हणजे देवयानी, शिवरामांची मुलगी. विद्यापीठातले शिकवण्याचे तास सांभाळून ती आईजवळ राहत होती. दुसऱ्या दिवसापासून तीच मला चालवू लागली. मालक उतरले नाहीत, हे तिने ऐकून घेतले. पण ते उतरत का नाहीत, हा प्रश्न तिने सोडला नाही. थंड असताना मी शहाणा, तापलो की वेडा, हे तिने हेरले होते.

मग ब्रह्मा घाटाहून विष्णुकाका आले, शिवरामांचे धाकटे भाऊ.

"वहिनी, दादाच्या नावाने शांतही करून घेतली. आता गाडी दारात नको. उद्या सकाळी कबाडी येतोय ती भंगारात न्यायला, मी बोललोय त्याच्याशी."

"हे आहेत त्यात, भावोजी."

"म्हणूनच म्हणतो. दादाला किती दिवस अडकवून ठेवणार?"

तो शनिवार होता. धुके अजून उठले नव्हते, झेंडूच्या ओळी चार हातांपलीकडे पुसून गेल्या होत्या. देवयानी मला मंडीतून घेऊन आली होती, माझे अंग गरम होते. शरदिनीबाईंनी बॉनेट उघडले. शेवटचा शनिवार म्हणून अख्खा लोटा रिकामा केला. झाकण लावले, आणि बॉनेट तसेच उघडे ठेवून माझ्यात, नवऱ्याच्या जागी, जाऊन बसल्या.

"देवू, एकदा चालू कर."

"आई, कशाला आता?"

"बोलायचंय मला. उद्या ते नसतील."

देवयानीने चाबी फिरवली. पहिले काही क्षण मी नीट चाललो. मग घशात काहीतरी ऊन, जड, दाट उतरले, आणि मी कुणाचाही राहिलो नाही. देवयानीने गोळा ओढला. डिझेल अडले, हे मला कळले. तरी माझा आवाज चढतच गेला. बॉनेट थरथरू लागले, काचा वाजू लागल्या, पांढऱ्या धुराने धुक्यात दुसरे धुके मिसळले.

"अहो, ऐकताय ना?" शरदिनीबाई डॅशबोर्डवर हात फिरवत होत्या. "आलात ना? रागावू नका. मी नाही हो विकत!"

"आई, उतर! इंजिन फुटेल!"

"हे बोलतायत, तू गप्प बस!"

गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून मला बंद पाडावे, तर समोर हातभरावर ओसरीची भिंत होती आणि माझे ब्रेक जुने. देवयानी खाली उडी मारून पुढे धावली. डिझेल बंद आहे, तरी वेग वाढतोय. म्हणजे जळतेय ते दुसरेच काहीतरी. आणि ते आत जाते कुठून? माझ्या आत जायला आता एकच वाट मोकळी होती. तिने पाहिले, हौद्यातल्या सांडलेल्या पाकळ्या वाऱ्याने उडून माझ्या काळ्या भांड्याच्या तोंडाशी ओढल्या जात होत्या, एकामागून एक, जणू कुणी त्या गिळत होते.

"काका, पोळपाट!"

"काय?"

"पोळपाट द्या आधी!"

विष्णुकाकांनी ओसरीवरून पोळपाट आणून दिला. देवयानीने तो दोन्ही हातांनी माझ्या तोंडावर दाबून धरला. मित्रांनो, श्वास कोंडणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी जाणले. मी धडधडलो, हिसके दिले, एकदा मोठ्याने आचका दिला आणि थांबलो.

इतकी शांतता झाली, की झेंडूवरून पडणारे दव ऐकू आले.

"त्यांचा श्वास कोंडलास गं," शरदिनीबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांचा."

देवयानीने आईला हात धरून उतरवले, माझ्यासमोर आणले. काळे भांडे उघडून, काढून, ओसरीच्या कडेला ठेवले. ते अर्धे रिकामे झाले होते, तरी तेल लाल रेषेच्या कितीतरी वर होते. जाळीतून अजून ठिबकत होते.

"ही रेषा बघ. बाबांनी रंगवलीये. तेल इथवरच. जास्त झालं की गाडी ते ओढून घेते आणि जाळते. थंड असतं तेव्हा दाट होऊन तळाशी राहतं, तापलं की पातळ होऊन वर चढतं. बाबा दर शनिवारी आधी सगळं काढून टाकायचे, आई. मग घालायचे."

शरदिनीबाईंनी बोट बुडवले, नाकाशी नेले. आपल्याच लोट्यातले तेल त्यांनी ओळखले.

"मला फक्त घालताना दिसायचे," त्या म्हणाल्या. मग पदराला बोट पुसत म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस माझंच तेल माझ्याशी बोलत होतं?"

विष्णुकाका खाली पाहत होते. मग ते म्हणाले, "कबाड्याला मी नको म्हणून कळवतो," आणि पोळपाट पुसायला आत गेले. त्यावर माझ्या तोंडाचा काळा गोल कायमचा उमटला आहे. त्या घरात पोळ्या आता दुसऱ्या पोळपाटावर लाटतात.

मित्रांनो, तेव्हापासून मी पुन्हा शहाणा झालो आहे. शनिवारी शरदिनीबाई बाह्या सारून माझ्यासमोर बसतात. आधी जुने तेल काढतात, भांडे पुसतात, मग डोळे रेषेवर ठेवून डब्यातले इंजिन-तेल ओततात. बाबूनंदनही परत आला आहे. पण गाडीत बसण्याआधी तो शेजारच्या जागेला हात जोडतो, ते मात्र सोडत नाही.

एकच गोष्ट शिल्लक आहे. मणिकर्णिकेहून परतलो, त्या संध्याकाळी माझ्या भांड्यात तेल रेषेपर्यंतच होते. शिवरामांनीच घातलेले. मग तेव्हा मी का थांबलो नाही? शरदिनीबाईंनी हे एकदा विचारले. देवयानीने खूप विचार केला. "तार गंजून अडकली असेल," ती म्हणाली, आणि तिने तारेला तेल दिले. असेलही तसे. मी माझ्या आत पाहू शकत नाही.

मला एवढेच कळते, की नुसते ओतल्याने जपणे होत नाही. तुमच्या घरात जी यंत्रे, जी जनावरे, जी म्हातारी माणसे असतील, त्यांच्याकडे पाठीमागून पाहू नका. समोर या, झाकण उघडा, आधी साचलेले काढा, आणि मग रेषा पाहून घाला. प्रेमाने गुदमरलेल्याला ओरडताही येत नाही. तो नुसता चालत राहतो.

आता गोळा ओढला की मी लगेच थांबतो. तरी शरदिनीबाई लगेच आत जात नाहीत. बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहतात, आणि त्या थोड्या वेळात मीही माझ्या आत कान देऊन ऐकत असतो.